गणपती-दुर्गादेवीसाठी मोठा लेझर घेताय? पैसे देण्याआधी हे तपासा

बार्शीटाकळी : श्रावण लागला की तालुक्यात डीजेवाल्यांची अन् मंडळांची खरेदी निघते. कावड, पोळा, गणपती, दुर्गादेवी आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. साउंडच्या गाडीवर आता नुसते शार्पी पुरत नाहीत, लेझर पाहिजे असतो. अडचण अशी की त्या वेळी सोयाबीन शेतात उभं असतं, हातात पैसा नसतो. मशीन येतं ते वर्गणीतून, उसनवारीतून नाहीतर पतसंस्थेच्या कर्जातून. पिंजर, महान, धाबा, कान्हेरी सरप, कोणत्याही गावात जा, मोबाइलवर व्हिडिओ पाहून लेझर मागवायच्या तयारीत असलेलं एखादं पोट्टं भेटतंच. विकणारा फोनवर सांगतो, "भाऊ, धा वॅटचा हाय, आख्खं गाव उजळते."

तो वॅटचा आकडा बहुतेक वेळा खरा नसतो, आणि खरा असला तरी त्यावरून मशीन चांगलं की वाईट हे कळत नाही. ते कळायला काय पाहावं लागतं, ते इथे दिलं आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. मोठ्या लेझरमध्ये प्रकाश देणारा भाग आता स्वस्त झाला आहे. महाग असतो तो प्रकाश ताब्यात ठेवणारा भाग. स्वस्त मशीनमध्ये कात्री लागते ती याच भागाला.

शार्पी वेगळा, लेझर वेगळा

दुकानात दोन्हीला "बीम" म्हणतात, म्हणून घोळ होतो. शार्पीत २३० वॅट किंवा त्याच्या आसपासचा डिस्चार्ज बल्ब असतो. आरसा आणि भिंगातून त्याचा झोत केला जातो, पण दूर गेल्यावर तो पसरतो. लेझरचा प्रकाश डायोडमधून निघतो आणि जवळजवळ पसरतच नाही. शंभर मीटरवरच्या भिंतीवरही त्याचा ठिपका हाताच्या पंजाएवढाच राहतो. लेझर दिसायला भारी वाटतो ते यामुळे, आणि डोळ्याला घातक ठरतो तोही यामुळेच. लग्नाच्या वरातीला नुसते हलणारे झोत हवे असतील तर चांगल्या शार्पीत काम भागतं. अक्षरं, चित्रं, हवेत पसरलेली रंगीत चादर पाहिजे असेल तरच लेझरचा खर्च करावा.

लेझरमध्येही दोन जाती आहेत. एकात आत जाळीदार काच असते, ती एका किरणाचे शेकडो ठिपके करते आणि मोटर ते फिरवते. हा पार्टी लेझर. दुसऱ्यात गॅल्व्हो नावाचे दोन बारीक आरसे असतात, ते सेकंदाला हजारो वेळा हलून किरणानं हवेत चित्र काढतात. शो करायचा खरा प्रोजेक्टर हाच. पार्टी लेझर "अ‍ॅनिमेशन" म्हणून गळ्यात मारले जातात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा, "आत गॅल्व्हो आहे का, आणि किती केपीपीएसचा?" विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर पुढचं बोलणं वाचतं.

डब्यावरचे वॅट कोणते?

डब्यावर १५० वॅट, २०० वॅट असं छापलेलं असतं ते बहुतेक वेळा मशीन प्लगमधून किती वीज खाते त्याचं माप असतं. लेझरची ताकद म्हणजे काचेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे वॅट. दीडशे वॅट वीज खाणाऱ्या मशीनमधून पाच वॅट प्रकाश निघाला तरी पुष्कळ झालं. म्हणून विचारताना "लाइट आउटपुट किती वॅट" असं विचारावं.

त्यातही एकूण आकडा ऐकून थांबू नये. रंगीत मशीनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे डायोड असतात आणि एकूण वॅट म्हणजे त्या तिघांची बेरीज. फसवणूक इथेच होते. निळा डायोड कमी पैशात जास्त वॅट देतो. त्यामुळे बेरीज फुगवायची तर निळा ठासून भरायचा आणि लाल-हिरवा नावापुरता ठेवायचा. आपला डोळा सगळे रंग सारखे पाहत नाही. ५२० नॅनोमीटरचा हिरवा आणि ४५० नॅनोमीटरचा निळा सारख्याच वॅटचे घेतले, तर हिरवा डोळ्याला सुमारे १८ पट जास्त उजळ दिसतो. ६३८ नॅनोमीटरच्या लालपेक्षाही तो साडेतीन पटीहून जास्त उजळ दिसतो. म्हणून निळ्यानं फुगवलेला "दहा वॅट" हा नीट जुळवलेल्या चार वॅटपुढे फिका पडू शकतो.

फिका दिसला म्हणून तो सौम्य झाला असं मात्र नाही. दिसतो कमी, जाळतो तेवढाच. उलट निळा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्याला जास्त त्रासदायक मानला जातो. म्हणजे स्वस्तात घेतलेल्या फुगीर मशीनमध्ये शोभा कमी मिळते आणि धोका पूर्ण मिळतो.

तेव्हा लाल किती, हिरवा किती, निळा किती, हे मिलिवॅटमध्ये वेगवेगळं लिहून मागावं. नॅनोमीटरही विचारावेत. लाल ६३८ च्या आसपास, हिरवा ५२० ते ५२५, निळा ४४५ ते ४५५ असेल तर आजच्या पद्धतीचे डायोड आहेत. हिरवा ५३२ सांगितला तर तो बहुधा जुन्या पद्धतीचा, स्फटिकातून रंग बदलणारा असतो. थंडी-उन्हानं त्याचा उजेड वरखाली होतो, शिवाय हलक्या मालात न दिसणारे अवरक्त किरण गाळणारी काच बसवलेली नसते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप संस्थेनं २०१० मध्ये असा एक स्वस्त हिरवा पॉइंटर तपासला होता. त्यातून हिरव्यापेक्षा न दिसणारा अवरक्त प्रकाशच जास्त निघत होता. न दिसणाऱ्या किरणाला डोळा मिटत नाही.

दुकानदाराकडे पॉवर मीटर असेल तर एकेक रंग चालू करून मोजून दाखवायला लावावं. मशीन स्वतः जोडून विकणाऱ्याकडे मीटर असतोच. नसेल तर साधी युक्ती म्हणजे पूर्ण पांढरा रंग लावायला सांगणं. भिंतीवर पांढरा स्वच्छ पांढरा दिसला पाहिजे. तो निळसर किंवा जांभळट दिसला तर निळा ठासला आहे असं समजावं.

मंडळाचं नाव लिहायला लावा

गॅल्व्होचा वेग केपीपीएसमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला किती हजार बिंदू. २०, ३०, ४० असे आकडे ऐकू येतात. या आकड्याला कोनाची जोड लागते. आरसा थोडासाच हलवायचा असेल तर कोणताही गॅल्व्हो भरभर हलतो, चित्र रुंद केलं की थकतो. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या आयएलडीए या लेझर शोवाल्यांच्या जागतिक संघटनेनं यासाठी ८ अंशाचं माप ठरवलं आहे. "३० केपीपीएस, ८ अंशावर" असं सांगणारा विक्रेता निदान माहितीचा आहे. नुसतं "४० के" म्हणणारा बहुधा ४ अंशावरचं सांगतो.

या संघटनेचं एक चाचणी चित्र असतं, जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मिळतं. त्यात एक चौकोन आणि एक वर्तुळ असतं. सांगितलेल्या वेगावर ते चित्र लावलं की वर्तुळ चौकोनाच्या आत नीट बसून चारही बाजूंना टेकलं पाहिजे. वर्तुळ बाहेर गेलं, चेपलं किंवा चौकोनाचे कोपरे गोल झाले तर सांगितलेला वेग खोटा आहे किंवा आरसे नीट जुळवलेले नाहीत.

पण आपल्याकडे याहून सोपी परीक्षा आहे. मंडळाचं पूर्ण नाव देवनागरीत लिहायला लावावं, शिरोरेषेसकट. विकणारे डेमोत इंग्रजी अक्षरं दाखवतात, त्यात सरळ रेघा आणि मोजके बिंदू असतात. "श्री", "छत्रपती", "विघ्नहर्ता" लिहायचं म्हणजे जोडाक्षरं, वेलांट्या, वर लांब रेघ. बिंदू दुपटीनं वाढतात. हिशेब साधा आहे. सेकंदाला ३० हजार बिंदू काढणाऱ्या मशीननं हजार बिंदूंचं चित्र काढलं तर ते सेकंदाला ३० वेळा उमटतं, डोळ्याला स्थिर वाटतं. नाव लिहायला दोन हजार बिंदू लागले की १५ वेळाच उमटतं आणि अक्षरं लुकलुकायला लागतात. हे घरी आणून कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं.

त्याच वेळी रंग हळूहळू मंद करायला लावावा. तो सरकत सरकत विझला तर मशीनमध्ये अ‍ॅनालॉग मॉड्युलेशन आहे. एकदम लागला, एकदम विझला तर टीटीएल आहे, त्यात साधारण सातच रंग मिळतात, मधल्या छटा नाहीत. साध्या डीजेला ते चालेल, पण किंमत अ‍ॅनालॉगची घेऊ देऊ नये. लॅपटॉपवरून चालवायचं असेल तर मागे आयएलडीएचा २५ पिनांचा सॉकेट लागतो. नुसती डीएमएक्सची गोल पिन असेल तर मशीनमध्ये भरलेलेच नमुने वाजवता येतील.

तिन्ही रंग एका जागी आहेत का?

ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि पुढे पस्तावतात ते यावरच. पांढरा किरण म्हणजे तीन रंगांचे किरण आरशांनी एकावर एक आणलेले असतात. दुकानात चार मीटरवरच्या भिंतीवर कोणतंही मशीन ठीक दिसतं. संध्याकाळी मोकळ्या जागी ३०-४० मीटरवरच्या खडबडीत, न चमकणाऱ्या भिंतीवर, मधे-मागे कोणी नसताना, अगदी कमी पॉवरवर पांढरा ठिपका पाडायला सांगावा. ठिपका एक दिसला पाहिजे. लाल एकीकडे, निळा दुसरीकडे असे सुटे ठिपके दिसले तर जुळणी गेलेली आहे. दूरच्या अक्षरांना तिहेरी कड येईल.

आता आपल्या रस्त्यांचा विचार करा. मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर टेम्पोत, साउंडच्या खोक्यांबरोबर आदळत जाणार. म्हणून आतली जुळणी कशावर बसवली आहे ते महत्त्वाचं. जाड अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच पाटीवर सगळं बसवलेलं आणि आरशांचे स्क्रू पक्के चिकटवलेले असतील तर जुळणी टिकते. पातळ पत्र्याच्या डब्यात एका मोसमात सगळं हलतं. डबा उघडून दाखवायला नको म्हणणाऱ्याला आतला फोटो तरी मागावा. मशीन बंद करून एकदा गाडीत घालून फिरवून आणावं आणि तोच ठिपका परत पाहावा. विकणारा कटकट करेल, करू द्यावी.

ठिपका किती पसरतो तेही इथेच कळतं. याचं माप मिलिरेडियन. एक मिलिरेडियन म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर पसार. मोठ्या मशीनला १ च्या आसपास असेल तर चांगलं. ३-४ असेल तर लांबचा बीम दोरीसारखा न दिसता पट्ट्यासारखा दिसतो.

आणि बीम दिसण्यासाठी हवेत धूर किंवा धुकं लागतं, हेही लक्षात ठेवावं. स्वच्छ हवेत वीस वॅटचा लेझरही रस्त्यावर फिका दिसतो, उठून दिसतो तो फक्त जिथं आदळेल तिथला ठिपका. "व्हिडिओत दिसत होता, आपल्या गावात दिसत नाही" या तक्रारीचं कारण अनेकदा एवढंच असतं. तेव्हा वॅट वाढवू नये, धूर पाहावा.

ऊन, धूळ, गुलाल

डायोड गरम झाला की उजेड घटतो, आणि लाल डायोड सर्वांत आधी घटतो. म्हणून दहा मिनिटांच्या डेमोवर विश्वास ठेवू नये. पूर्ण पांढऱ्यावर पाऊण तास चालू ठेवावं. सुरुवातीचा पांढरा शेवटी हिरवट-निळसर पडला असेल तर लाल बसला, म्हणजे थंड करायची सोय अपुरी आहे. वऱ्हाडात एप्रिल-मेच्या लग्नात रात्री दहालाही हवा तापलेली असते, तिथं असं मशीन अर्ध्या वरातीत मान टाकतं. जड बॉडी, मागे पंख्यांसारखी अ‍ॅल्युमिनियमची पाती आणि चालू-बंद न होता सलग चालणारे पंखे ही चांगली खूण.

पंखा आला की धूळ आली, आणि आपल्याकडे धुळीबरोबर गुलाल. गुलाल बारीक असतो, पंख्यातून आत शिरून आरशांवर बसतो. गॅल्व्होचे आरसे नखाएवढे असतात, त्यावर बसलेला कण किरणानं तापून आरशावरचा मुलामा जाळतो. मिरवणुकीतच वापरायचं असेल तर आयपी ६५ चं बंद मशीन घ्यावं. आयपीमधला पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, दुसरा ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकतं. गणपतीत पाऊस येतोच. आयपी नुसतं छापलेलं आहे की खरं, ते झाकणाच्या कडेला रबरी पट्टी आणि वायरच्या तोंडाशी घट्ट ग्रंथी आहे का, यावरून ओळखू येतं.

जनरेटरवर चालवणाऱ्यांनी व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर लावावा. व्होल्टेज खाली बसलं की मशीन मधेच बंद होऊन चालू होतं, आणि त्या क्षणी किरण कुठं असेल याचा भरवसा नसतो.

पाच वॅटचा हिशेब

आता जे तपासायचं त्याचं मोल कळण्यासाठी एक हिशेब पाहू. ५ वॅटचं मशीन, काचेपाशी किरण ५ मिलिमीटर, पसार १ मिलिरेडियन. ५० मीटरवर तो किरण साडेपाच सेंटिमीटरचा होतो. तेवढ्या गोलात ५ हजार मिलिवॅट, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सुमारे २१० मिलिवॅट. डोळा आपोआप मिटायला पाव सेकंद लागतो, तेवढ्या वेळासाठी डोळ्याला सोसणारी मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकात सुमारे अडीच मिलिवॅट आहे. म्हणजे एका जागी थांबलेला किरण ५० मीटरवरही मर्यादेच्या ऐंशी पट आहे. तो मर्यादेत येतो जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर. आपली बरीच गावं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एवढीही नाहीत.

किरण फिरत असतो तेव्हा तो डोळ्यावर क्षणभरच थांबतो, म्हणून शेकडो जण लेझरखाली नाचूनही बरे राहतात. पण आरसा अडकला, वायर सुटली, कॉम्प्युटर हँग झाला की तोच किरण एका जागी उभा राहतो.

हे कागदावरचं नाही. २००८ च्या जुलैत मॉस्कोजवळ अक्वामरीन नावाच्या मोकळ्या मैदानातल्या नाचाच्या कार्यक्रमात असंच झालं. आकाशाकडे सोडायचा लेझर होता, पाऊस आला म्हणून वर मंडप टाकले, किरण खाली लोकांत आले. तिसाच्या आसपास लोकांची नजर कमी झाली. आपल्या महाराष्ट्रात २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर पुणे आणि नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे पडदा भाजलेले तरुण रुग्ण आले. २०२४ मध्ये कोल्हापूरजवळ उचगावला गणपतीच्या आगमन मिरवणुकीत एका तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाला. हे सगळे नाचायला, पाहायला आलेले लोक होते.

पडदा भाजला तर दुखत नाही, कारण त्या पडद्याला वेदना कळत नाही. त्यामुळे पोट्टे घरी जाऊन झोपतात. सकाळी एक डोळा झाकून पाहावं. समोर मधोमध काळा किंवा धूसर डाग दिसला, दाराची सरळ चौकट वाकडी दिसली, तर डोळा चोळू नये, मेडिकलमधून थेंब आणून वेळ घालवू नये. त्याच दिवशी अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात किंवा डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरकडे जावं. मोबाइलनं शूटिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक, किरण थेट कॅमेऱ्यात गेला तर त्याचा सेन्सर जळतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत रेघ किंवा ठिपका कायमचा राहतो.

म्हणून मशीनवर या गोष्टी हाताला लागल्या पाहिजेत

अर्ध्या वॅटच्या वरचा प्रत्येक लेझर वर्ग ४ मध्ये येतो, म्हणजे सर्वांत धोक्याचा वर्ग. अशा मशीनवर तो वर्ग, वॅट आणि नॅनोमीटर लिहिलेली पिवळी चिठ्ठी असते. आयईसी ६०८२५-१ या मानकाचा उल्लेख असतो. चिठ्ठी नाहीच, किंवा दहा वॅटच्या मशीनवर "वर्ग ३" छापलेलं, तर बाकी आकडेही तसलेच असणार.

मागे किल्ली पाहिजे. किल्ली काढली की मशीन लागता कामा नये, लग्नात लहान पोरं बटणं दाबतातच. लांब वायरीवरचं लाल इमर्जन्सी बटण पाहिजे, आणि ते दाबल्यावर नुसतं चित्र न जाता प्रकाशच बंद झाला पाहिजे. बटण सोडल्यावर आपोआप परत चालू झालं तर ते बटण चुकीचं जोडलेलं आहे. काचेसमोर खालून वर सरकणारी धातूची पट्टी पाहिजे, ती ठरावीक उंचीच्या खाली किरण जाऊच देत नाही. सॉफ्टवेअरमध्ये कितीही हद्द आखली तरी या पट्टीएवढा भरवसा कशाचाच नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्कॅन-फेल सेफ्टी. आरसे थांबले की हे सर्किट डोळ्याची पापणी लवायच्या आत किरण तोडतं. विक्रेता "आहे, आहे" म्हणतो. सिद्ध करायला सांगावं. पॉवर अगदी कमी ठेवून, मोकळ्या भिंतीकडे तोंड करून चित्र चालू असताना सॉफ्टवेअरमधून चित्राचा आकार शून्यावर आणायचा. ठिपका एका जागी जळत राहिला तर सेफ्टी नाही, किंवा आहे पण बंद करून ठेवली आहे. स्वस्त मशीनमध्ये हे सर्किट नसतंच, किंवा बीम दाखवायला अडथळा होतो म्हणून काढलेलं असतं.

हे सगळं असलं तरी किरण गर्दीच्या अंगावर सोडायचा परवाना मिळत नाही. परदेशात पाळली जाणारी सर्वसाधारण पद्धत अशी की माणसं जिथं उभी राहू शकतात त्या जमिनीपासून ३ मीटर वर आणि बाजूला अडीच मीटर किरण येऊ द्यायचा नाही. मैदानातल्या स्टेजवर हे जमतं. गावठाणातल्या गल्लीत कसं जमणार? माडीवर बाया बसलेल्या, गच्चीवर पोरं, बापाच्या खांद्यावर लेकरू. तिथं ३ मीटर वर म्हणजे कुणाच्या तरी तोंडावर. चालत्या गाडीवर तर गाडी हेलकावली की किरण खाली येतो. गल्लीतल्या मिरवणुकीसाठी वर्ग ४ चा लेझर घेऊच नये, तिथं शार्पी आणि एलईडी पुरतात. देवीच्या मंडपामागे भिंतीवर किंवा पडद्यावर नाव-चित्र काढायला दोन-तीन वॅटचं नीट मशीन भरपूर होतं.

आधी ठाण्यात विचारा

२०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली. तशी बंदी आपल्या भागात त्या वर्षी लागली तर मशीन घरात पडून राहील आणि हप्ता चालू राहील. म्हणून मिरवणुकीच्या परवानगीत लेझरबद्दल काय अट आहे, ते बार्शीटाकळी किंवा पिंजर ठाण्यात इसार देण्याआधी विचारून घ्यावं.

लेझरसाठी वेगळा कायदा नाही म्हणून काही होत नाही, असा एक समज आहे. मुंबई उच्च न्यायालयात ग्राहक पंचायतीनं याच विषयावर याचिका केली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ती निकाली काढताना न्यायालयानं वेगळ्या कायद्यासाठी सरकारकडे जायला सांगितलं, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तक्रार करता येते, याकडेही लक्ष वेधलं. दुसऱ्याचा जीव किंवा शरीर धोक्यात घालणाऱ्या बेफिकिरीचं हे कलम. एका डोळ्याची नजर कायमची गेली तर ती कायद्यात गंभीर दुखापत ठरते आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत जाते. मशीन भाड्यानं देणारा आणि चालवणारा, दोघांनाही हे माहीत पाहिजे.

बिल आणि सुटे भाग

दिल्लीच्या भगीरथ पॅलेसमधून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं तर स्वस्त पडतं हे खरं. जाणं-येणं आणि बिघडल्यावर परत पाठवणं धरून हिशेब करावा. जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं, त्यावर मशीनचा सिरीयल नंबर आणि तिन्ही रंगांचे मिलिवॅट लिहून घ्यावेत. नुसतं "लेझर लाइट १ नग" असं बिल असेल तर ग्राहक आयोगात दाखवायला हातात काही राहत नाही. वॉरंटी विचारताना डायोडची, गॅल्व्होची आणि पॉवर सप्लायची वेगवेगळी विचारावी. अनेक जण वर्षाची वॉरंटी सांगतात आणि बिघडल्यावर "डायोड त्यात येत नाही" म्हणतात.

जुनं मशीन घेणाऱ्यानं किती तास चाललं ते सॉफ्टवेअरमध्ये दिसतं का पाहावं, बाहेरच्या काचेवर गुलालाचा लालसर थर आहे का पाहावं, आणि कोणता रंग मंद आहे ते एकेक रंग लावून पाहावं. ज्या मशीनचं इमर्जन्सी बटण "हरवलं" आहे आणि त्याच्या सॉकेटमध्ये दोन पिना जोडून तार टाकलेली आहे, ते मशीन ज्यानं वापरलं त्यानं आतली सेफ्टीही तशीच काढली असण्याची शक्यता मोठी. असं मशीन अर्ध्या किमतीत मिळालं तरी नवं बटण, नवी पट्टी आणि जुळणीचा खर्च धरल्याशिवाय हो म्हणू नये.